मॉरिशस : वाऱ्याशी निभावलं, पाण्याचं काय?

लाटांगण

माझ्या सासूबाई कॅरोल चक्रीवादळाच्या वेळी सात वर्षांच्या होत्या. मॉरिशसमध्ये जुनी माणसं अशीच बोलतात. 'कॅरोलच्या आधी', 'कॅरोलच्या वर्षी'. आपल्याकडे दुष्काळाच्या किंवा प्लेगच्या सालावरून वय सांगायचे, तसंच.

सासरचं घराणं मूळ रत्नागिरीकडचं. सव्वाशेहून जास्त वर्षांपूर्वी ऊसमळ्यांवर मजुरीला गेलेलं. घरात बोलणं क्रिओलमध्ये; आरती, लग्नाची गाणी आणि जाखडी मराठीत. (तिथे तिला 'झाकरी' म्हणतात.) लग्नानंतर मी अकरा वर्षं कात्र बोर्नला राहिले. आता पुण्यात आहे, पण बराचसा जीव तिकडेच अडकलेला असतो. त्या बेटाबद्दल एक गोष्ट बरेच दिवस मनात घोळते आहे, ती इथे मांडते.

कॅरोल आलं २७-२८ फेब्रुवारी १९६० ला. जानेवारीत अ‍ॅलिक्स नावाचं वादळ येऊन गेलेलंच होतं. मोडलेली घरं जेमतेम उभी राहत होती, तोवर हे दुसरं. वाऱ्याचे झोत ताशी २५६ किलोमीटरपर्यंत गेले. ४२ माणसं गेली. उसाच्या पिकाचा निम्म्याहून जास्त भाग झोपला.

सासूबाईंचं घर तेव्हा कास्काव्हेलला होतं, पश्चिमेकडच्या मराठी वस्तीचं गाव. दगड-मातीच्या भिंती, वर गवताचं छप्पर. त्यांच्या वडिलांनी बैलगाडीचे दोर छपरावरून टाकून दोन्ही बाजूंना दगड बांधले होते. छप्पर दोरांसकट गेलं. चौघी भावंडं लाकडी खाटेखाली पत्र्याच्या पेटीला टेकून बसली. मग एकाएकी सगळं थांबलं. वारा नाही, पाऊस नाही. वादळाचा डोळा बेटावरून जात होता. शेजारची माणसं 'संपलं, संपलं' म्हणत बाहेर पडली, कोंबड्या शोधायला लागली. वडिलांनी मात्र कुणालाही खाटेखालून हलू दिलं नाही. ते म्हणाले, आता ते उलट बाजूने येईल. आणि आलंच. सकाळी शेतातला ऊस विंचरल्यासारखा एका दिशेला आडवा, आणि झाडांवर एक हिरवं पान नाही. उरलीसुरली पानं खाऱ्या वाऱ्याने जळून तपकिरी झालेली.

त्यानंतर देश बदलला. सरकारी गृहनिर्माण यंत्रणा उभी राहिली, 'सिते' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या वसाहती बांधल्या गेल्या, आणि हळूहळू लोकांनी स्वतःच सिमेंट-काँक्रीटची, सपाट स्लॅबची घरं बांधायला घेतली. स्लॅबला तिकडे 'दाल' म्हणतात. आज कुठल्याही गावात जा, घरांच्या वर लोखंडी सळया उभ्या दिसतील. मुलाचं लग्न झालं की वरचा मजला चढवायचा, म्हणून ठेवलेल्या. फेब्रुवारी १९७५ मध्ये जर्व्हेझ आलं, झोत २८० किलोमीटरचे, म्हणजे कॅरोलपेक्षाही जोराचे. दहा माणसं गेली. फेब्रुवारी १९९४ च्या होलांडात दोन. २९ एप्रिल १८९२ च्या वादळात सुमारे १,२०० माणसं मेली होती आणि राजधानी पोर्ट लुईचा मोठा भाग जमीनदोस्त झाला होता, हे लक्षात घेतलं तर हा प्रवास केवढा मोठा आहे ते कळेल. एका छोट्या, गरीब बेटाने हे करून दाखवलं याचं मला फार अप्रूप आहे.

आता माझा मुद्दा. मॉरिशस वाऱ्याला शिकलं. पाण्याला नाही. आणि वाऱ्यासाठी जे शिकलं, त्यातलं काही आता पाण्याच्या वेळी आड येतंय.

तिथल्या इशाऱ्यांची रचना बघा. चार वर्ग आहेत. क्लास १ म्हणजे ताशी १२० किलोमीटरचे झोत येण्याची शक्यता, ३६ ते ४८ तास आधी. क्लास २ असा द्यायचा, की ते झोत येण्याआधी लोकांना दिवसाच्या उजेडाचे बारा तास मिळतील. क्लास ३ म्हणजे उजेडाचे सहा तास. क्लास ४ म्हणजे १२० चे झोत कुठेतरी नोंदले गेले, आता बाहेर पडायचं नाही. उजेडाचे तास मोजणारी ही पद्धत मला फार शहाणपणाची वाटते. खिडक्यांना फळ्या ठोकायच्या, पत्रे बांधायचे, गुरं हलवायची, हे रात्री कंदिलावर होत नाही, हे ज्याने स्वतः केलंय त्यालाच सुचणार. पण सगळं गणित एकाच आकड्यावर आहे, १२०. आणि तो वाऱ्याचा आहे. पावसाचा आकडा या शिडीत कुठेच नाही.

३० मार्च २०१३. शनिवार. कुठलंही चक्रीवादळ नव्हतं. पोर्ट लुईत दोन तासांच्या आत १५२ मिलिमीटर पाऊस पडला. डोंगरातून येऊन शहराच्या पोटातून जाणारा 'रुइसो द्यु पूस' हा ओढा फुटला. ११ माणसं गेली. काही बंदरालगतच्या कोदां भागाजवळच्या, पादचाऱ्यांसाठीच्या भुयारी मार्गात, काही तळघरातल्या पार्किंगमध्ये. होलांडाच्या वाऱ्याने दोन, आणि दोन तासांच्या पावसाने अकरा.

त्यानंतर राष्ट्रीय आपत्ती केंद्र झालं, २०१६ मध्ये कायदा झाला, २०१७ मध्ये पाण्याच्या निचऱ्यासाठी वेगळं प्राधिकरण झालं. हे सगळं झालं, आणि मग १५ जानेवारी २०२४ ला बेलाल वादळ आलं.

त्या दिवशी मी तिथे होते. सोमवार. वादळ रेयुनियनकडे जाणार, आपल्याला शेपूट लागेल, असंच सगळे धरून होते. शेजारच्या रेयुनियन बेटावर, म्हणजे सुमारे दोनशे किलोमीटरवर, सकाळपासून जांभळा, म्हणजे सगळ्यात वरचा इशारा होता, एकही माणूस घराबाहेर नाही. आणि आमच्याकडे लोक डबे घेऊन कामावर गेले. नवराही गेला, पोर्ट लुईला. त्याच्या कचेरीतून सकाळी निरोप आला होता, सगळ्यांनी हजर राहायचं. काही तासांतच शहरात गाड्या कागदी होड्यांसारख्या वाहायला लागल्या. ते व्हिडिओ तुमच्यापैकी अनेकांनी पाहिले असतील. त्याने फोनवर एवढंच सांगितलं, 'मी तिसऱ्या मजल्यावर आहे, खाली आपली गाडी दिसत नाहीये.' मग फोन लागेना. तो रात्री चिखलात भिजलेला घरी पोचला. देशात दोन माणसं गेली. हवामान खात्याच्या प्रमुखांना पद सोडावं लागलं.

एका माणसाने पद सोडलं, ठीक. पण शिडी वाऱ्याचीच राहिली तर पुढच्या प्रमुखाला काय दिसणार? यावर जाणकारांचं मत हवं आहे.

---

दगडफूल

लाटांगणताई, खाटेखालचं वाचून अंगावर काटा आला. मी श्रीवर्धनचा. ३ जून २०२० ला निसर्ग वादळात आमच्या घरावरची कौलं आणि पडवीचे पत्रे गेले. आमच्याकडेही वारा मध्येच पडला होता, आणि काका कौलं बघायला शिडीवर चढले होते. दुसऱ्या बाजूचा वारा आला तेव्हा ते पडवीत उतरलेले होते, हे नशीब. डोळा म्हणजे काय हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. तुमच्या आजेसासऱ्यांना ते १९६० साली कसं माहीत होतं?

सुपारीची बाग मात्र गेली. सुपारी लावल्यावर उत्पन्न यायला सहा-सात वर्षं तरी जातात, त्यामुळे वादळ एका दिवसाचं आणि नुकसान दशकाचं. मॉरिशसने ऊसच का धरला ते आता कळतंय. आडवा झालेला ऊस निदान पुन्हा फुटतो.

---

लाटांगण

दगडफूल, बरोबर. फ्रेंचांच्या काळात तिथे कॉफी, लवंग असं बरंच लावून पाहिलं होतं. वादळांपुढे झाडं टिकेनात. ऊस मुळाशी धरून राहतो, म्हणून तो उरला. आपली माणसं जहाजात भरून तिकडे नेली गेली ती या उसासाठीच. म्हणजे एका अर्थी वादळांनीच आपल्याला तिथे नेलं.

आजेसासऱ्यांना कसं माहीत, तर त्यांच्या वडिलांनी १८९२ चं वादळ पाहिलं होतं. तेव्हाही मध्ये शांतता झाली होती आणि लोक बाहेर पडले होते. घरात ती गोष्ट सांगितली जायची. काकांना माझा नमस्कार सांगा.

---

पाणवाट

मी एका महानगरपालिकेच्या मलनिस्सारण आणि पर्जन्यजल विभागात ३१ वर्षं काढली, आता निवृत्त. मॉरिशसला २०१७ मध्ये मुलीकडे गेलो होतो तेव्हा सवयीने गटारंच बघत फिरलो. लाटांगण यांच्या मुद्द्याला माझं अनुमोदन आहे, थोडी भर घालतो.

पोर्ट लुईच्या मागे मोका डोंगररांग आहे. ल पूस शिखर ८१२ मीटर. तिथून बंदर सरळ रेषेत काही किलोमीटरवर. असल्या उतारावर पडलेलं पाणी समुद्राला पोचायला तास-दीड तास फार झाला. आमच्या भाषेत, पाणलोटातला सगळ्यात लांबचा थेंब नाल्याच्या तोंडाशी पोचायला लागणारा वेळ. तो वेळ जितका कमी, तितका एकदम लोंढा. पूर्वी या उतारावर माती होती, झाडोरा होता, घरामागे परसू होतं. थोडं मुरायचं, थोडं रेंगाळायचं. आता स्लॅब, त्याला लागून फरशीचं अंगण, त्याला लागून डांबरी रस्ता. मुरण्याचं काम बंद, रेंगाळण्याचं काम बंद. १५२ मिलिमीटर म्हणजे एक हजार चौरस फुटांच्या स्लॅबवर सुमारे १४ हजार लिटर पाणी, म्हणजे दीड टँकर, एका घराचं, दोन तासांत. आता घरं मोजा.

काँक्रीट वाईट नाही. त्याने जीव वाचवले. पण प्रत्येक स्लॅबचं पाणी कुठे जाणार हा प्रश्न बांधकामाच्या परवानगीच्या वेळी विचारायचा असतो. तो विचारला नाही की तो आपोआप शहराच्या सगळ्यात खोल जागी जाऊन उभा राहतो. ती जागा म्हणजे भुयारी मार्ग आणि तळघरं.

दुसरं, ओढा झाकू नये. झाकलेल्या ओढ्यात काय अडकलंय ते पूर येईपर्यंत दिसत नाही. मी नोकरीत असताना अशाच एका झाकलेल्या नाल्यातून आम्ही एक अख्खी गादी, दोन सायकली आणि लग्नाच्या मांडवाचे बांबू काढले होते. वर दुकानं होती, दुकानदारांना पत्ताच नाही. त्या वर्षी नशिबाने पाऊस बेताचा होता.

---

खारफुटी

लेख आवडला, पण 'वाऱ्याशी निभावलं' हे मला पटत नाही. जर्व्हेझच्या जोराचा थेट तडाखा मॉरिशसला १९७५ नंतर बसलेला नाही. जानेवारी २००२ च्या दीनात झोत २२८ किलोमीटरचे होते. त्यालाही वीस वर्षं उलटून गेली. आज चाळिशीतल्या माणसानेही २८० चा वारा पाहिलेला नाही. दरम्यान काचेच्या इमारती आल्या, स्लॅबवर सौर पत्रे आले, समुद्राला चिकटून हॉटेलं आली. घराची भिंत उभी राहील हो, पण समोरच्याच्या छतावरून उडून आलेला सौर पत्रा तुमच्या खिडकीतून आत येईल. परीक्षा झालीच नाही तर पास झालो असं कसं म्हणायचं?

आणि सिते वसाहतींचं पूर्ण चित्र सांगायला हवं होतं. १९६० नंतर घाईने बांधलेल्या त्या घरांमध्ये अ‍ॅस्बेस्टॉसचे पत्रे वापरले होते. वारा अडवला, पण लोक पुढे कित्येक दशकं त्या पत्र्यांच्या आत राहिले. संकटानंतरच्या घाईत बांधलेल्या गोष्टी पन्नास वर्षं टिकतात, त्यांच्या चुकाही टिकतात.

---

लाटांगण

खारफुटी, अ‍ॅस्बेस्टॉसचं मी लिहायला हवं होतं, चूक मान्य. आणि वाऱ्याबद्दलही तुमचं म्हणणं बरंचसं पटतंय. बेलालच्या वेळी आमच्या इमारतीतली तरुण मंडळी क्लास ३ लागल्यावरसुद्धा समुद्रकिनाऱ्यावर लाटांचे फोटो काढायला निघाली होती. सासूबाई जिन्यात उभ्या राहून त्यांना ओरडल्या. त्या कधी कुणावर आवाज चढवत नाहीत.

तरी एक फरक मला दिसतो. वाऱ्याबद्दल निदान घराघरात भाषा आहे. क्लास २ म्हटलं की सहा वर्षांच्या पोरालाही कळतं की आता शाळा नाही. पावसाबद्दल तशी भाषा नाही. मुसळधार पावसाचा इशारा येतो, पण तो ऐकून काय करायचं, कुठे जायचं नाही, गाडी कुठे लावायची नाही, हे अंगात मुरलेलं नाही. १५ जानेवारीला लोक बेफिकीर नव्हते. त्यांनी शिडीकडे पाहिलं, शिडी म्हणत होती अजून वेळ आहे.

आणखी एक गुंता आहे, तो बाहेरच्यांना लवकर कळत नाही. मॉरिशसला वादळ हवंही असतं. १९९९ मध्ये मोठा दुष्काळ पडला होता. उन्हाळ्यात मार ओ व्हाकोआचा जलाशय खाली गेला, नळाला काही तासच पाणी आलं, की लोक आभाळाकडे बघून म्हणतात, एखादं लांबून जाऊ दे, तेवढाच पाऊस. जवळ नको, फार लांबही नको. हे रोज नकाशावर बघत बसलेल्या देशाला 'पाऊस म्हणजे धोका' हे शिकवणं सोपं नाही.

---

पाणवाट

लाटांगण, शेवटचा मुद्दा महत्त्वाचा. खारफुटी यांचाही. एक भर घालतो. २०१९ पासून त्रू ओ सेर्फच्या टेकडीवर जपानच्या मदतीने उभारलेलं डॉप्लर रडार आहे. चक्रीवादळ उपग्रहावर तीन दिवस आधी दिसतं, पण २०१३ सारखा पाऊस डोंगरावर अर्ध्या-पाऊण तासात तयार होतो. तो रडारच पकडू शकतं. म्हणजे यंत्र आलं. पण तीस मिनिटांचा इशारा ज्याला द्यायचा, त्याच्यापर्यंत तो पाचव्या मिनिटाला पोचला पाहिजे, आणि सहाव्या मिनिटाला भुयाराचं दार बंद करणारा माणूस तिथे हजर पाहिजे. त्या माणसाचं नाव, हुद्दा आणि किल्ली कुठे टांगलेली आहे, एवढं ठरलेलं असलं तर माणसं वाचतात. माझ्या नोकरीत मी सगळ्यात जास्त भांडलो ते किल्लीसाठी.

---

ओलीचिंब

पाणवाट काका, किल्लीचं वाक्य मी आमच्या सोसायटीच्या गटात पाठवतेय. २६ जुलै २००५ ला कुर्ल्याला आमच्या तळमजल्यात पाणी भरलं होतं, पंप होता, आणि पंपाच्या खोलीची किल्ली ज्यांच्याकडे ते अंधेरीला अडकलेले.

एक विचारायचं होतं. मॉरिशसची जी छोटी बेटं आहेत, रॉद्रिग्ज वगैरे, त्यांचं काय होतं?

---

लाटांगण

रॉद्रिग्ज पूर्वेला आहे, त्यामुळे बरीच वादळं आधी तिथे जाऊन मग इकडे येतात. तिथली माणसं याबाबतीत जास्त तयारीची आहेत असं माझं निरीक्षण. आगालेगाचं दुःख वेगळं. मॉरिशसपासून हजारभर किलोमीटर उत्तरेला, सगळी मिळून तीनशेच्या आसपास वस्ती, जमीन समुद्राच्या जेमतेम वर. डिसेंबर २०२४ मध्ये चिदो वादळ आधी तिथे गेलं आणि मग मायोत या फ्रेंच बेटावर. मायोतच्या बातम्या जगभर आल्या, ते योग्यच. पण आगालेगाच्या उत्तर बेटावरची बहुतेक घरं मोडली, त्याबद्दल आपल्याकडे मी फारसं वाचलं नाही. त्याच बेटावर त्याच वर्षी फेब्रुवारीत भारताने बांधलेली धावपट्टी आणि धक्का सुरू झाला, त्याबद्दल मात्र भरपूर वाचलं होतं. मदत नेताना ती धावपट्टी उपयोगी असते हे खरंच. पण तिथल्या माणसाचं घर कशाचं आहे, हेही आपण विचारायला हवं, कारण आता आपण तिथे पाहुणे राहिलेलो नाही.

मुख्य बेटावर परतू. उत्तरेला फाँ द्यु साक नावाचं गाव आहे, दर मोठ्या पावसात तुंबतं. फ्रेंचमध्ये त्या नावाचा अर्थ पिशवीचा तळ. ज्याने नाव ठेवलं त्याला पाणी कुठे साचतं हे पक्कं ठाऊक होतं. तरी तिथे वस्ती वाढत गेली, आणि निचऱ्याचं काम नंतर आलं.

---

दगडफूल

आमच्याकडे खाडीलगतच्या सखल शेताला खलाटी म्हणतात. आता तिथे बंगल्यांची जाहिरात लागली आहे, 'खाडीच्या कुशीत'. गावातली म्हातारी माणसं त्या पाटीकडे बघून काहीच बोलत नाहीत. बोलायला हवं.

---

वाटसरू_नाशिक

मी येत्या जानेवारीत कामानिमित्त दोन वर्षांसाठी मॉरिशसला जातोय, बायको आणि चार वर्षांची मुलगी सोबत. एबेनला कचेरी आहे, घर अजून ठरायचं आहे. हा धागा दोनदा वाचला. ताई, नेमकं काय बघू, काय घेऊ, ते सांगाल का?

---

लाटांगण

भाऊ, घाबरून जाऊ नका. देश सुंदर आहे आणि माणसं फार प्रेमळ. मुलगी तीन महिन्यांत क्रिओल बोलायला लागेल. गणेश चतुर्थीला तिथे सार्वजनिक सुट्टी असते, तुम्हाला परकं वाटणार नाही.

घर बघायला जाल ते पाऊस पडून गेल्यावर दुसऱ्या दिवशी जा. भिंतीवर खाली रंगाचा पट्टा बदललेला दिसतो का, दाराच्या चौकटीचं लाकूड तळाशी फुगलंय का, ते बघा. मालकापेक्षा कोपऱ्यावरच्या दुकानदाराला विचारा, पाणी कुठवर येतं. तो खरं सांगतो. समोर ओढा असेल आणि त्यावर काँक्रीट टाकून पार्किंग केलेलं असेल तर दुसरं घर बघा. तळघरातली पार्किंगची जागा फुकट मिळाली तरी नोव्हेंबर ते मे गाडी तिथे ठेवू नका.

खिडक्यांना झडपा आहेत का ते बघा, नसतील तर मालकाकडून मोजून कापलेल्या फळ्या आधीच करून घ्या. क्लास २ ला सगळे एकदम हार्डवेअरच्या दुकानात जातात. क्लास १ लागला की पिंप, बादल्या, पातेली भरून ठेवा, कारण वीज गेली की टाकीत पाणी चढत नाही. गॅस, मेणबत्त्या, मुलीचं औषध, डब्यातले मासे, पीठ, बिस्किटं. बॅटरीवर चालणारा छोटा रेडिओ घ्याच. मोबाईलचं नेटवर्क आधी जातं, रेडिओ शेवटपर्यंत असतो. स्लॅबवरची पाणी जायची भोकं स्वतः वर चढून पाला काढून मोकळी करा. ती तुंबली की स्लॅबवर तळं होतं आणि पाणी भिंतीतून उतरतं. आमच्याकडे एकदा लग्नाचा अल्बम ठेवलेल्या कपाटातच उतरलं.

वारा अचानक थांबला तर दार उघडू नका. रेडिओवर 'संपलं' म्हणेपर्यंत आत बसा.

आणि क्लास कितीही असू दे, पाऊस धरून असेल आणि कचेरीतून 'या' असा निरोप आला, तर नाही म्हणा. पगार कापला तर कापू दे. मी त्या सोमवारी संध्याकाळी सातपर्यंत खिडकीत उभी होते, म्हणून हे इतक्या ठामपणे सांगते आहे.

सासूबाईंचा पत्ता आणि फोन व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला आहे. पोचलात की त्यांना भेटा. त्यांना कॅरोलबद्दल विचारा. आणि घर ठरवण्याआधी एकदा त्यांना दाखवा, त्या दारात उभं राहून रस्त्याचा उतार बघतात आणि लगेच सांगतात.